सिन्नरचे स्फटिक आणि गॅमा किरणांचे भिंग

सिन्नर परिसरात विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या कातळाच्या पोटातली एखादी पोकळी अचानक उघडी पडते आणि आत स्फटिकांची दाटी दिसते. कुठे सुयांच्या जुडग्यासारखा पांढरा स्कोलेसाइट, कुठे फिकट गुलाबी स्टिलबाइट, कुठे काचेसारखा स्वच्छ किंवा हिरवट झाक असलेला अपोफिलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. थंड होत असताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने विरघळलेली खनिजे या पोकळ्यांत आणून सोडली आणि तिथे सावकाश स्फटिक वाढले. झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीने सापडणाऱ्या खनिजांसाठी नाशिक जिल्हा जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने कोणालाही जवळून पाहता येतात.

पाहणारा रंगाने आणि आकाराने हरखून जातो, ते साहजिकच आहे. पण तो रेखीव आकार आतल्या अणूंच्या मांडणीतून येतो. स्फटिकात अणू एकसारख्या अंतरावर, थरांमागून थर, लक्षावधी वेळा तीच रचना करत बसलेले असतात. अणूंच्या या शिस्तीमुळे आज खगोलशास्त्राला एक अवघड काम जमू लागले आहे. आकाशातून येणारे गॅमा किरण एका बिंदूवर गोळा करण्याचे हे काम काचेच्या भिंगाला किंवा धातूच्या आरशाला कधीच साधले नाही.

कशालाही न जुमानणारे किरण

गॅमा किरण म्हणजेही प्रकाशच, फक्त त्याची ऊर्जा प्रचंड असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना भिडून नष्ट होतात, तेव्हा बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे पाच लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांहून अधिक असते. ऊर्जा वाढली की तरंगलांबी घटते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५,००० आँगस्ट्रॉम असते, तर या गॅमा किरणाची अवघी ०.०२४ आँगस्ट्रॉम. एक आँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग. अणूचा व्यासच एक-दोन आँगस्ट्रॉमचा असल्याने ही लहर अणूपेक्षाही कितीतरी बारीक ठरते.

इतक्या बारीक लहरीला काच जाणवतच नाही म्हटले तरी चालेल. काचेत शिरताना ती जवळजवळ वळत नाही, म्हणून काचेचे भिंग निरुपयोगी ठरते. आरशावर सरळ पडली तर ती आरशात घुसते आणि आरपार जाते किंवा तिथेच शोषली जाते. क्ष-किरणांसाठी शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली होती. किरण आरशाला जेमतेम घासून जाईल अशा अगदी तिरप्या कोनात पडला, तर तो परावर्तित होतो. २०१२ साली सोडलेल्या नासाच्या नूस्टार दुर्बिणीत असेच एकात एक बसवलेले आरसे आहेत. त्यांपैकी बहुतेकांवर प्लॅटिनम आणि कार्बन यांचे आलटून पालटून अतिशय पातळ थर चढवलेले आहेत. पण ७८.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांच्या पुढे प्लॅटिनमच किरण शोषू लागते, म्हणून नूस्टारची नजर ७९च्या आसपास थांबते. त्यापुढच्या किरणांसाठी वेगळा उपाय हवा होता.

भिंग का हवे?

भिंगाशिवायही गॅमा किरण पकडता येतात आणि आजवरच्या बहुतेक उपग्रहांनी ते तसेच पकडले आहेत. अडचण वेगळी आहे. अवकाशात शोधक यंत्रावर विश्वकिरणांचा मारा सतत चालू असतो. त्या माऱ्याने यंत्राचे आणि उपग्रहाचे धातूही किंचित किरणोत्सारी होतात आणि स्वतःच गॅमा किरण सोडू लागतात. त्यामुळे जास्त किरण पकडण्यासाठी शोधक मोठा करावा, तर आतला गोंगाटही त्याच प्रमाणात वाढतो आणि दूरच्या ताऱ्याचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो.

पावसाळ्यात घराच्या पत्र्यावरचे पाणी पन्हळीने एका हंड्यात उतरवतात, त्या रचनेचे तत्त्व इथे लागू पडते. पाणी गोळा करणारे छप्पर मोठे आणि साठवणारे भांडे लहान. किरण गोळा करणारे क्षेत्र मोठे आणि शोधक चिमुकला ठेवता आला, तर संकेत वाढेल पण गोंगाट वाढणार नाही. दुर्बिणीतले भिंग किंवा आरसा हेच करतो. गॅमा किरणांसाठी असे काही नसल्यामुळे खगोलशास्त्राची ही शाखा रेडिओ, दृश्य आणि क्ष-किरण शाखांच्या तुलनेत संवेदनक्षमतेत फार मागे राहिली.

मोरचुदाच्या खड्याने दाखवलेली वाट

उपायाची सुरुवात १९१२ साली म्युनिकमध्ये झाली. क्ष-किरण ही लहर आहे की कणांचा झोत, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. माक्स फॉन लाऊए यांनी असा विचार मांडला की क्ष-किरण लहर असतील आणि स्फटिकातले अणू खरोखर नियमित अंतरावर मांडलेले असतील, तर स्फटिकातून जाताना किरण ठरावीक दिशांनाच विखुरले पाहिजेत. वॉल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग यांनी प्रयोग केला. त्यांनी पहिल्यांदा वापरलेला स्फटिक होता कॉपर सल्फेटचा, म्हणजे नाशिक जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार बोर्डो मिश्रणासाठी चुन्यात मिसळतात त्या मोरचुदाचा. मागे ठेवलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. एकाच प्रयोगाने क्ष-किरण लहर असल्याचे आणि स्फटिकात अणूंची जाळी असल्याचे दोन्ही सिद्ध झाले. लाऊए यांना १९१४चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या ठिपक्यांचे गणित विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने सोपे करून दाखवले. अणूंच्या लागोपाठच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी एका विशिष्ट कोनात एकमेकींच्या तालात येतात आणि बळकट होतात. इतर सर्व दिशांना त्या एकमेकींना मारून टाकतात. हा कोन दोनच गोष्टींवर ठरतो, किरणाची तरंगलांबी आणि थरांमधले अंतर. हाच ब्रॅगचा नियम. वडील विल्यम हेन्री ब्रॅग आणि मुलगा यांना १९१५चे नोबेल एकत्र मिळाले. याच पद्धतीने पुढे हजारो खनिजांची आतली रचना उलगडली. सिन्नरच्या कातळात सापडणारे झिओलाइट आतून सूक्ष्म दालनांचे आणि बोळांचे असतात आणि त्या बोळांत पाणी राहते, हेही क्ष-किरणांनीच कळले. १९३० साली लायनस पॉलिंग आणि डब्ल्यू. एच. टेलर यांनी या कुळातल्या खनिजांच्या रचना मांडल्या.

क्ष-किरणांना लागू पडलेला नियम गॅमा किरणांनाही लागू पडायला हवा होता. १९१४ साली अर्नेस्ट रदरफर्ड आणि एडवर्ड आंद्रादे यांनी रेडियमपासून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या तरंगलांब्या सैंधव मिठाच्या स्फटिकाने मोजल्या. पुढे १९४०च्या दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेसी ड्युमाँड यांनी गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, पातळ चकतीला नेमका बाक देऊन गॅमा किरणांची ऊर्जा फार अचूक मोजणारे यंत्र उभारले. गॅमा किरण स्फटिकाचे ऐकतात, हे तेव्हाच पक्के झाले होते. त्यांना आकाशातून गोळा करायचे कसे, एवढेच बाकी होते.

लाऊए भिंग कसे चालते?

एक गोल चौकट घ्या. तिच्यावर एकात एक अशी वर्तुळे आखा आणि प्रत्येक वर्तुळावर एक-दीड सेंटीमीटरच्या स्फटिकाच्या चकत्या शेजारी शेजारी बसवा. प्रत्येक चकती अशी किंचित कलती करा, की ताऱ्याकडून येणारा किरण तिच्यातल्या अणूंच्या थरांवर बरोबर ब्रॅगच्या कोनात पडेल. किरण चकतीतून आरपार जाताना थोडा वळतो आणि मधल्या अक्षाकडे झुकतो. सगळ्या चकत्यांतले वळलेले किरण चौकटीमागे एका जागी येऊन मिळतात, तीच या भिंगाची नाभी. किरण स्फटिकातून पलीकडे निघतो, लाऊए यांच्या मूळ प्रयोगात निघाला तसाच, म्हणून याला लाऊए भिंग म्हणतात.

वळण किती असते, ते एका हिशेबाने कळेल. तांब्याच्या स्फटिकात ठळक थरांमधले अंतर २.०९ आँगस्ट्रॉम असते. ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांच्या किरणासाठी ब्रॅगचा कोन येतो एका अंशाचा जेमतेम तिसरा भाग, आणि किरण एकूण वळतो त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश अंश. वर्तुळाची त्रिज्या एक मीटर ठेवली, तर वळलेले किरण मध्यभागी येऊन मिळायला सुमारे ८६ मीटर मागे जावे लागते. वळण इतके हलके असल्यामुळे भिंग आणि शोधक यांच्यातले अंतर लांबलचक होते.

चकत्यांसाठी कोणताही सुंदर स्फटिक चालत नाही. सिन्नरचा स्टिलबाइट मुख्यतः कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांचा बनलेला, घनतेने हलका आहे. किरण विखुरण्याचे काम इलेक्ट्रॉन करतात आणि झिओलाइटच्या पोकळ जाळीत ते विरळ असतात. तांबे, जर्मेनियम, सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइड अशा गच्च रचनेच्या पदार्थांचे स्फटिक प्रयोगशाळेत वाढवून वापरावे लागतात. त्यातही एक गंमत आहे. स्फटिक अगदी निर्दोष असला तर तो किरणांची फारच अरुंद पट्टी वळवतो आणि बाकीचे वाया जातात. म्हणून मुद्दाम किंचित विस्कटलेले स्फटिक घेतात. त्यांचे आतले सूक्ष्म तुकडे एकमेकांशी अंशाच्या अगदी छोट्या भागाने तिरपे असतात. अशा स्फटिकाची कार्यक्षमता कितीही केले तरी निम्म्यावर जात नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी चकतीच्या एका पृष्ठभागावर बारीक खाचा पाडून किंवा तो पृष्ठभाग घासून सगळी चकती किंचित वाकवतात. अणूंचे थर वाकले की किरणांची रुंद पट्टी वळते, वळण्याचे प्रमाण अर्ध्याच्या वर जाते आणि नाभीतला ठिपकाही लहान होतो. इटलीतल्या फेरारा विद्यापीठात फिलिपो फ्रोंतेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाकवलेल्या चकत्यांवर अनेक वर्षे काम केले आहे.

७२ मिनिटे, ३३ किरण

अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत रॉबर्ट स्मिदर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस स्फटिकांची भिंगे बनवून दाखवली. त्यांच्यासोबत फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी ही कल्पना आकाशाकडे वळवली. पेटर फॉन बालमूस यांच्या नेतृत्वाखाली ‘क्लेअर’ नावाचे भिंग तयार झाले. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या चौकटीवर आठ वर्तुळांत जर्मेनियम आणि थोडे सिलिकॉन मिसळून वाढवलेल्या स्फटिकांच्या ५५६ चकत्या बसवल्या होत्या. प्रत्येक चकती हाताने जुळवून तिचा कल तपासावा लागला. भिंग १७० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांच्या किरणांसाठी होते आणि त्यामागे २.७७ मीटरवर जर्मेनियमचा लहान शोधक होता.

गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात, ही आपल्या जिवासाठी चांगली गोष्ट असली तरी खगोलशास्त्रज्ञाला त्यासाठी वर जावे लागते. १४ जून २००१ रोजी फ्रेंच आल्प्समधल्या गाप गावाजवळून एका प्रचंड फुग्याने क्लेअरला सुमारे ४० किलोमीटर उंचीवर नेले. लक्ष्य होते क्रॅब तेजोमेघ. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या अतिनवताऱ्याची नोंद केली त्याचा हा अवशेष आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. हेलकावे खाणाऱ्या फुग्याखाली भिंग तेजोमेघावर रोखून धरणे हे भिंग बनवण्याइतकेच अवघड होते. चांगल्या निरीक्षणाची ७२ मिनिटे हाती लागली आणि तेवढ्यात भिंगाने वळवलेले क्रॅबचे ३३ गॅमा किरण शोधकात नोंदले गेले.

३३ हा आकडा लहान दिसतो, पण माणसाने आकाशातल्या वस्तूचे गॅमा किरण भिंगाने गोळा करण्याची ही पहिलीच वेळ होती. तत्त्व कागदावरून फुग्यावर पोहोचले आणि खरे ठरले.

त्या किरणांत काय वाचायचे आहे?

गॅमा किरणांची ऊर्जा हे त्यांच्या उगमाचे ओळखपत्र असते. अतिनवताऱ्याच्या स्फोटात निकेल-५६ तयार होते. त्याचे कोबाल्ट-५६ होते आणि कोबाल्टचे लोखंड. कोबाल्टच्या या रूपांतरात ८४७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांचे किरण निघतात. २०१४च्या जानेवारीत एम ८२ या दीर्घिकेत, सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षे अंतरावर, असा स्फोट दिसला. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहाने त्यातल्या कोबाल्टचे किरण ओळखले. विश्वातल्या लोखंडाचा मोठा वाटा अशाच स्फोटांत तयार होतो, याचा तो थेट पुरावा होता. मात्र इतक्या जवळ असे स्फोट दशकांतून एखाद्या वेळी होतात. दूरच्या स्फोटांचे किरण मोजायचे तर भिंगच हवे.

दुसरे कोडे आपल्याच आकाशगंगेतले आहे. तिच्या मध्याकडून ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांचे किरण सतत येतात, म्हणजे तिथे पॉझिट्रॉन मोठ्या संख्येने नष्ट होत आहेत. १९७०च्या दशकात फुग्यांवरच्या उपकरणांनी हे पाहिले. पृथ्वीजवळ दर चौरस सेंटीमीटरला असा एक किरण सरासरी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचतो. एवढे पॉझिट्रॉन येतात कुठून, यावर आजही एकमत नाही. ते काही मोजक्या ठिपक्यांतून येतात की सर्वदूर पसरलेल्या उगमांतून, हे लाऊए भिंगासारखे बारीक नजरेचे साधन तपासू शकेल. या भिंगाला मर्यादाही आहेत. ते एका वेळी आकाशाचा छोटासा तुकडा पाहते, ऊर्जेची ठरावीक पट्टीच टिपते आणि त्याला लांब अंतर लागते. सर्वेक्षणासाठी दुसरी साधने लागतील, पण एका जागी खोलवर पाहण्यासाठी आज याच्याइतकी आशा दुसऱ्या साधनाकडून नाही.

आपली तयारी कुठवर?

या क्षेत्रात महाराष्ट्र कोरा नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर कॅडमियम झिंक टेल्युराइड स्फटिकांचे उपकरण आहे. ते घडवण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा आहे. त्यात स्फटिकांच्या ६४ पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीचे २५६ भाग, म्हणजे एकूण १६,३८४ बारीक डोळे. किरण स्फटिकात शिरला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या विद्युतभारावरून ऊर्जा कळते. इथे किरण एकत्र केले जात नाहीत. शोधकावर टँटलम धातूची ठरावीक भोकांची जाळी आहे आणि तिची सावली कशी पडते यावरून उगमाची दिशा काढतात. याच उपकरणाने क्रॅबकडून येणाऱ्या १०० ते ३८० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टांच्या किरणांचे ध्रुवीकरण मोजले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संतोष वडवले आणि सहकाऱ्यांचे ते निष्कर्ष २०१७ साली ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आले आणि जगभर वाखाणले गेले. मुंबई आयआयटीचे वरुण भालेराव यांच्या पुढाकाराने प्रस्तावित झालेली ‘दक्ष’ ही जोडउपग्रह मोहीम याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

बाकीचे दुवेही देशात आहेत. फुग्याने उपकरणे वर नेणारे टाटा संस्थेचे केंद्र हैदराबादला आहे. किरण टिपणारे मोठे एकसंध स्फटिक वाढवण्याचे काम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चालते. लांब अंतराच्या भिंगासाठी एक उपाय म्हणजे भिंग एका उपग्रहावर आणि शोधक दुसऱ्यावर ठेवून दोघांना नेमक्या अंतरावर उडवायचे. युरोपच्या संशोधकांनी सुमारे शंभर मीटर अंतराच्या अशा जोडीचा प्रस्ताव २००७ साली मांडला होता, तो मंजूर झाला नाही. पण ५ डिसेंबर २०२४ रोजी भारताच्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-३ या जोडीने पुढच्या वर्षी सुमारे १५० मीटर अंतर मिलिमीटरच्या अचूकतेने राखून दाखवले. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. एकेकाळी अशक्य वाटलेली अट आता पुरी होण्याच्या टप्प्यात आहे.

गरजही वाढली आहे. २००२ पासून काम करणाऱ्या इंटिग्रलची निरीक्षणे २०२५च्या फेब्रुवारीत थांबली आणि लाऊए भिंग अजून कोणत्याच देशाच्या उपग्रहावर चढलेले नाही. शेकडो स्फटिक वाढवणे, कापणे, नेमके वाकवणे आणि अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवणे हे काम भौतिकशास्त्रज्ञाइतकेच कुशल कारागिराचे आणि यंत्र अभियंत्याचे आहे. असे हात नाशिक, सिन्नर, पुण्याच्या कारखान्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्यांना सिन्नरच्या संग्रहालयात जरूर न्या, आणि तिथल्या स्फटिकांसमोर त्यांना ब्रॅगचा नियम शिकवा. त्याचे गणित दहावी-बारावीच्या त्रिकोणमितीच्या पलीकडे जात नाही. गॅमा किरणांचे पहिले भारतीय भिंग बनवायचे काम अजून कोणी हाती घेतलेले नसेल, तर ते या मुलांपैकी कोणीही घेऊ शकेल.